दिवेआगर ते शिरोडा: आईला पाण्यापर्यंत नेणाऱ्या पुळणी

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही कोकणातल्या एका फार गाजलेल्या किनाऱ्यावर गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण किनारा सुंदरच होता, चुकली ती आमची निवड. गाडी लावली तिथून पाणी समोर दिसत होतं, पण मधे दीड-दोनशे पावलं कोरडी, भुसभुशीत वाळू. आई ७४ वर्षांची. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डाव्याचं व्हायचंय. दहा-बारा पावलांत तिचा पाय घोट्यापर्यंत रुतला. "तुम्ही या जाऊन, मी बसते गाडीत," म्हणाली. आम्ही गेलो, पाय भिजवले, फोटो काढले. परत आलो तेव्हा ती काच खाली करून समुद्राकडे बघत बसली होती. "आवाज छान येतो इथपर्यंत," म्हणाली. ते वाक्य वर्षभर माझ्या डोक्यातून गेलं नाही.

म्हणून या मार्गशीर्षात पुण्याहून निघालो ते एकच माप घेऊन. आईचे पाय जिथे पाण्याला लागतील तो किनारा चांगला, मग तो कुठल्या यादीत असो वा नसो. आठ दिवस, सात मुक्काम, मी, नवरा आणि आई, दिवेआगरपासून शिरोड्यापर्यंत. ज्यांना पोहायचंय किंवा पाण्यातले खेळ खेळायचेत त्यांच्या कामाचं इथे थोडंच आहे. पण ज्यांच्या गाडीत एक काठी आहे, त्यांच्यासाठी मी हे अगदी मनापासून लिहिते आहे.

निघण्याआधी भाचीने ३१ किनाऱ्यांची यादी पाठवली होती, प्रत्येकाचा ड्रोनमधून घेतलेला फोटो सोबत. वरून पाहिलं की सगळ्या पुळणी सारख्याच: निळं पाणी, पांढरी फेसाची रेघ, हिरव्या माडांची रांग. फोटोत उतार दिसत नाही आणि वाळूचा कस कळत नाही. वाळू जाडसर असेल तर वर आलेलं लाटेचं पाणी तिच्यातच मुरतं. परतणाऱ्या पाण्यात वाळू ओढून न्यायचा जोर उरत नाही, आणि पुळण उभी चढत जाते. अशा जागी लाट काठाशी येऊन आपटते, दोन पावलांत पाणी कमरेला लागतं आणि पायाखालची वाळू सरकते. बारीक वाळूची पुळण सपाट पसरते. ओहोटीला ती रुंद होते, ओली वाळू घट्ट बसते, काठीचं टोकसुद्धा फारसं रुतत नाही. लाट लांबवर फुटते आणि आपल्यापर्यंत येते ती नुसतं पातळ पाणी होऊन. आम्हाला हव्या होत्या या दुसऱ्या जातीच्या पुळणी, आणि त्याही ओहोटीच्या वेळी.

ओहोटीच्या वेळा काढायचं काम आईने स्वतःकडे घेतलं. कोकणातला जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीच्या आधी आणि नंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. आईला शाळेत पाऊणकी तोंडपाठ करावी लागली होती आणि ती अजून आहे. "तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार..." असं म्हणत तिने भिंतीवरच्या कॅलेंडरावरून आठ दिवसांचा कागद तयार केला. मी तो मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहिला. अर्ध्या तासापेक्षा जास्त फरक एकाही दिवशी नव्हता. पुढचे आठ दिवस गाडी कधी सुटायची हे त्या कागदाने ठरवलं.

दुसरी तयारी म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन चटया आणि एक उंच स्टूल. कोरड्या वाळूवर एक चटई पसरायची, आई तिच्यावरून चालणार, तोवर दुसरी पुढे अंथरायची. चटईवर पाय खूप कमी रुततो. स्टूल उंच घ्या. बुटक्या स्टुलावर बसलेल्या गुडघ्यांना उठवायला दोन माणसं लागतात.

ताम्हिणी घाटातून उतरून रविवारी दुपारी तीन वाजता दिवेआगरला पोचलो तेव्हा नुकतीच पूर्ण भरती होऊन गेली होती. पुळण अरुंद, शनिवार-रविवारची गर्दी अजून निघायची होती, घोडागाड्या आणि मोटारींचा गोंगाट. नवऱ्याचा चेहरा उतरला. मी मात्र गावातून समुद्राकडे जाणाऱ्या तीन वाटा चालून बघितल्या आणि जिथे सुरूच्या सावलीपासून ओल्या वाळूपर्यंतचं अंतर सगळ्यात कमी, ती वाट हेरून ठेवली. सोमवारी सकाळी साडेआठला त्याच वाटेने आलो. तोच किनारा ओळखू येईना. पाणी कुठल्या कुठे मागे गेलेलं, मधे ओल्या वाळूचं मोकळं मैदान, त्यावर खेकड्यांनी काढलेल्या गोळ्यांची रांगोळी आणि दोन माणसं लांब फिरताना. कोरडी वाळू तीसेक पावलं होती. चार वेळा चटई बदलली आणि आई ओल्या वाळूवर उतरली. तिथे तिने काठी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने साडी किंचित वर धरली आणि आमच्याकडे न बघता सरळ पाण्याकडे चालू लागली. पहिली लाट पायावरून गेली तेव्हा ती काहीच बोलली नाही. दुसरीनंतर म्हणाली, "गार नाहीये गं." मी या सगळ्या प्रवासाला त्या एका सकाळीच पूर्ण गुण देऊन टाकले होते.

दिवेआगरबद्दल आणखी एक सांगायला हवं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आणि सुरूची झाडं आडवी केली. ज्यांनी आधीचं दिवेआगर पाहिलंय त्यांना वाडीतलं ऊन आता जास्त जाणवेल. पोफळ लावल्यापासून सुपारी धरेपर्यंत वर्षं जातात. आम्ही राहिलो त्या घराच्या मागे नव्या पोफळी माझ्या खांद्याच्या थोड्या वर आल्या होत्या आणि घरच्या काकू प्रत्येक रोपाला हात लावत पुढे जात होत्या. त्या दिवशी विनायकी चतुर्थी होती, त्यामुळे सुवर्ण गणेशाला रांग होती. १९९७ मध्ये वाडीत जमिनीखाली सापडलेला सोन्याचा मुखवटा २०१२ मध्ये चोरीला गेला आणि २०२१ मध्ये नवा बसवला गेला, ही हकीगत काकूंनी आईला घरातलीच गोष्ट सांगावी तशी सांगितली.

दिवेआगरहून श्रीवर्धनला आरावी, कोंडिवली, शेखाडीवरून जाणारा रस्ता समुद्राला खेटून जातो. ज्यांना गाडीतून उतरणंच जमत नाही त्यांच्यासाठी हा रस्ता हाच किनारा समजा. डावी बाजू डोंगर, उजवी बाजू पाणी. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला राहतो, म्हणून आईला मागच्या सीटवर उजवीकडे बसवलं होतं. जागा ठरवताना हे लक्षात ठेवा.

हरिहरेश्वराला आम्ही चुकलो. कागदावर ओहोटी पावणेनऊची होती, आम्ही पोचलो साडेअकराला. देवळामागची प्रदक्षिणेची वाट खडकांतून पायऱ्या उतरून जाते आणि पाणी चढू लागलं की तिथे जायचं नसतं. त्या वाटेवर लाटेने माणसं ओढून नेलेली आहेत. देवळातल्या एकाने "आता नको" म्हटलं आणि आम्ही वाद न घालता मागे फिरलो. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव असं रीतीप्रमाणे दर्शन घेतलं. लाटांनी मधाच्या पोळ्यासारखा कोरलेला तो खडक पाहायचा असेल तर रात्रीचा मुक्काम हरिहरेश्वरातच करा आणि ओहोटी गाठा. गुडघे दुखत असतील तर त्या पायऱ्या मुळीच उतरू नका.

बागमांडल्याहून वेशवीला जंगल जेटीने गेलो. ही सेवा नसती तर सावित्रीच्या खाडीला आंबेत-म्हाप्रळवरून भलामोठा वळसा पडला असता. गाडीसकट बोटीत चढायचं, दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे उतरायचं. या प्रवासात आम्ही अशा तीन जेट्या घेतल्या: बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. तिन्हीकडच्या पोरांनी गाडी लावून घेताना हाताने खुणा करत, घाई न करता काम केलं. आईला गाडीतून उतरवून कठड्याशी उभं करायला प्रत्येक वेळी कोणीतरी हात दिला. तिन्हींपैकी दाभोळची मला सर्वांत आवडली. वाशिष्ठीची खाडी रुंद आहे आणि त्या वेळी मासेमारीच्या होड्या परतत होत्या. आधी दोन गोष्टी विचारून घ्या: शेवटची फेरी किती वाजता, आणि गाडी पुढून चढवायची की मागून. नवऱ्याला उतारावर रिव्हर्स घ्यायला लागला तेव्हा मागे चार गाड्या उभ्या होत्या. या खाड्यांवर पूल व्हायच्या गोष्टी फार दिवस चालू आहेत. पूल आला की वेळ वाचेल, गावांची सोय होईल, ते व्हायलाच हवं. तरी पाण्याच्या मधोमध उभं राहून आईला मिळालेला तो वारा पुलावर मिळायचा नाही.

केळशी, आंजर्ले, मुरूड, कर्दे. दापोली तालुक्यातल्या या पट्ट्यात आमच्या मापाच्या पुळणी एकापाठोपाठ एक आहेत. केळशीला थांबलो नाही. आंजर्ल्याला मुक्काम केला. कड्यावरच्या गणपतीला गाडी वरपर्यंत जाते आणि तिथून दिसणारी खाडी व माडांची गर्दी आईने देवाइतकाच वेळ पाहिली. पंचमीला साडेनऊची ओहोटी होती, ती आम्ही कर्द्याला गाठली. वाळूचा घट्टपणा म्हणाल तर आठ दिवसांत कर्द्याची बरोबरी फक्त एकाच किनाऱ्याने केली, तो पुढे येईल. आईने तिथे चटया नकोच म्हटलं.

पण घट्ट वाळूचा एक शाप आहे. गाड्या खाली उतरवता येतात, म्हणून लोक उतरवतात. त्याच दिवशी आणखी एका पुळणीवर (गावाचं नाव घेत नाही) एक मोठी गाडी पाण्याच्या रेषेला समांतर पळवली जात होती. चाकांनी उडवलेलं पाणी आईच्या अंगावर आलं आणि ती दचकून तोल जाता जाता वाचली. तासाभराने तीच गाडी मऊ वाळूत रुतली होती, भरती चढत होती आणि गावातली दहा-बारा माणसं आपली कामं टाकून दोर लावून ती ओढत होती. मला त्या गाडीवाल्याचा अजून राग आहे. नोव्हेंबरपासून या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री येऊन वाळूत अंडी घालतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती घरटी राखली, आणि तेच काम पुढे किनाऱ्यावरच्या इतर गावांत गेलं. हाताएवढ्या खोल वाळूत पुरलेल्या त्या अंड्यांवरून दीड-दोन टनांचं वाहन नेऊ नये, एवढं तरी पाळा. गाडी सुरूच्या अलीकडे लावा आणि चाला.

लाडघरला आम्ही किनाऱ्यावर उतरलो नाही. तिथे तांबूस खडे आहेत, पाणीही तांबडं भासतं, म्हणून त्या भागाला तामसतीर्थ म्हणतात. पाहायला वेगळं, पण अनवाणी म्हाताऱ्या पावलांना खडे नकोत.

गुहागर. आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि बुधवारी चंपाषष्ठी होती. चातुर्मासात आई वांगं खात नाही, ती चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच खाते. आम्ही उतरलो होतो त्या घरात ही रीत नव्हती, पण आदल्या रात्री आई सहज बोलून गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरच्या वहिनींनी चुलीत वांगी भाजायला घातली होती. बाजरी मिळाली नाही, तांदळाची भाकरी केली. वर खवलेलं ओलं खोबरं. देशावरच्या भरितात खोबरं घालत नाहीत, पण आईने दोनदा मागून घेतलं. मार्गशीर्ष पाळत असल्याने आम्ही तिघांनीही आठ दिवस मासे खाल्ले नाहीत, आणि म्हणून मला ठामपणे सांगता येतं की कोकणात शाकाहारी माणसाची आबाळ होते हे खरं नाही. डाळिंब्यांची उसळ, केळफुलाची भाजी, कुळथाचं पिठलं, काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबोळ्या, उकडीचे मोदक, कोकमाची सोलकढी. अट एकच: जेवणाचं चार तास आधी कळवा. घरगुती खानावळीत माणसं मोजून शिजवतात.

गुहागरचा किनारा गावाच्या पाठीशीच आहे, वाड्यांमधल्या गल्ल्यांतून थेट उतरता येतं, आणि लांबी एवढी आहे की गर्दी असली तरी विरळ होते. सकाळी सव्वादहाला उतरलो. उतार सगळीकडे एकसारखा वाटला नाही. एका गल्लीसमोर पाणी पटकन खोल जात होतं, थोडं पुढे सपाट. आधी स्वतः घोटाभर पाण्यात शिरून बघा, मग घरच्या माणसाला न्या.

हेदवीची बामणघळ मात्र भरतीला पाहायची जागा, आणि आईच्या कागदावर षष्ठीची भरती साडेचारची होती. चारला पोचलो. खडकाला पडलेली अरुंद, खोल भेग आहे. भरतीची लाट तिच्यात शिरते, आत कोंडते आणि वर उसळते. षष्ठीपर्यंत उधाणाचा जोर ओसरून भांगाची, म्हणजे कमी जोराची, भरती जवळ आलेली असते, तरीही दर पाच-सहा लाटांमागे एखादी अशी यायची की आवाज आधी आणि पाणी नंतर. आईला खडकांवर न्यायचा विचारच केला नाही. समुद्राकाठच्या देवळापाशी स्टूल टाकून तिला बसवलं. घळ तिथून दिसत नव्हती, आवाज येत होता, अधूनमधून उडालेलं पाणी दिसत होतं. मला गेल्या वर्षीचं तिचं वाक्य आठवलं आणि मी तिच्याकडे बघितलं. ती हसत होती. या वेळी सकाळी तिचे पाय भिजलेले होते. घळीच्या कडेला फोटोसाठी वाकणारी मंडळी पाहून मात्र पोटात गोळा येतो. शेवाळलेल्या खडकावर चप्पल टिकत नाही.

गणपतीपुळ्याबद्दल स्पष्ट लिहिते, कारण बहुतेक कुटुंबं तिथे जातातच. देऊळ सुंदर, पश्चिमेकडे तोंड केलेलं, आणि टेकडीलाच देव मानून तिच्याभोवती फिरणारी प्रदक्षिणेची वाट बांधलेली आहे. आईने मधे चार वेळा बसून ती पूर्ण केली. पण तिथला समुद्र पाय टाकायचा नाही. पुळण उभी आहे, परतणारी लाट जोरात ओढते आणि तिथे बुडालेल्यांची संख्या लहान नाही. पाट्या लावलेल्या आहेत, जीवरक्षक शिट्ट्या वाजवतात, तरी लोक मुलांना कडेवर घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. मार्गशीर्षातला गुरुवार, त्यामुळे गर्दी दुप्पट. दर्शन घ्या, मोदक खा, काठावरून समुद्र बघा आणि पाय भिजवायला २५ किलोमीटर पुढे जा.

त्या २५ किलोमीटरांत आरे-वारे लागतं. रस्ता डोंगरावर चढतो आणि दोन पुळणी एकदम खाली उघडतात, मधे एक टेकडी. तो देखावा वरूनच घ्यायचा. खालचं पाणी फसवं आहे.

आणि मग भाट्ये. भाचीच्या ३१ किनाऱ्यांत भाट्ये नव्हतं. रत्नागिरी शहराला लागून, काजळी नदीच्या मुखाशी, पुलावरून पावसकडे जाणारा रस्ता जिच्या काठाने जातो अशी ही पुळण. शहराचा किनारा म्हणून प्रवासी तिला ओलांडून पुढे जातात. सप्तमीला ओहोटी अकराची होती, आम्ही साडेअकराला पोचलो. सुरूच्या बनाची दाट सावली, तिथून ओली वाळू अगदी जवळ, उतार इतका कमी की पाणी कुठे सुरू होतं ते आधी कळेना. कर्द्याइतकीच घट्ट वाळू. आई तिथे माझा हात न धरता चालली. नवऱ्याने पावलं मोजली, जाऊन-येऊन चारशेवर. मधे एक नळ शोधायला मला बरीच पायपीट करावी लागली, पाय धुवायला घरून आणलेला पाच लिटरचा कॅन कामी आला, आणि लोकांनी टाकलेल्या बाटल्या पाहून वाईट वाटलं. तरीही दिवेआगरपासून शिरोड्यापर्यंत एकच किनारा निवडायला सांगितला तर मी भाट्ये निवडेन. जेवणं उरकून आम्ही चार वाजता पुन्हा तिथेच आलो. पाणी सुरूच्या दिशेने चढत होतं आणि आईने स्टूल दोनदा मागे घ्यायला लावलं.

शुक्रवारचा दिवस जवळजवळ सगळा गाडीत गेला आणि ही आमची आखणीतली चूक. रत्नागिरीहून मालवण एका दिवसात करू नका. पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग सगळं काचेतून गेलं. फक्त कुणकेश्वरला तासभर उतरलो. देऊळ अगदी समुद्राच्या काठावर, संध्याकाळी सहाची भरती, पाणी देवळाच्या पायाकडे येत असलेलं. चालायला न लागता समुद्र जवळ येतो अशी जागा हवी असेल तर कुणकेश्वरला भरती गाठा.

मालवण-तारकर्लीला आम्ही शनिवारी होतो, आणि शनिवारी तिथे जायचं नसतं. पाण्यातल्या खेळांच्या बोटी, तिकिटांच्या हाका, गाड्यांची रांग. पाणी नितळ आहे, सिंधुदुर्ग समोर उभा आहे, तरुणांना तिथे करण्यासारखं खूप आहे. आमच्यासाठी तिथली गोष्ट सकाळी सातला घडली. तारकर्लीच्या अलीकडे किनाऱ्यावर रापण ओढत होते. लांबलचक जाळं होडीने समुद्रात अर्धगोल टाकून त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात, दोन्ही बाजूंना पंधरा-वीस जण, कमरेला दोर अडकवून मागे मागे चालत. आई बघत उभी होती. एका म्हाताऱ्या रापणकराने रिकामं टोपलं उलटं घातलं आणि म्हणाला, "आजी, हयसर बसा." जाळं वर यायला तासाहून जास्त लागला. शेवटच्या टप्प्यात नवराही दोराला लागला. बांगडे चमकत बाहेर आले तेव्हा त्यांनी हात लावल्याचा वाटा म्हणून पाच-सहा बांगडे पुढे केले. मार्गशीर्ष आहे म्हटल्यावर त्यांनी आग्रह केला नाही, "मगे पौषात येवा" म्हणाले.

भोगव्याला वरच्या रस्त्यावरून पाहिलं आणि खाली उतरलो नाही. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तो देवबागचा चिंचोळा पट्टा तिथून छान दिसतो. पण पुळण उभी आहे. आईने स्वतःच मान हलवली. आठ दिवसांत तिला लाटेवरून उतार ओळखता येऊ लागला होता.

शेवटचा शिरोडा. दशमीची ओहोटी सव्वाएकची, म्हणजे भर उन्हात, आमच्या कागदातला सगळ्यात अडचणीचा दिवस. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला ते हे गाव. मिठागरांवरून जाताना आईने गाडी थांबवायला सांगितली आणि बांधांनी आखलेल्या त्या चौकोनांकडे बराच वेळ बघितलं. दुपार आम्ही वेळागरच्या सुरूत काढली. चटया तिथे शेवटी झोपण्यासाठी वापरल्या. चारला ऊन कललं, पाणी अर्ध्यावर आलं होतं, आई उठली आणि काठी घेऊन पाण्याकडे गेली. मी मागून चालत होते, पण तिने मागे बघितलं नाही.

परत येताना आंबोली घाटात धुकं होतं. कोल्हापूर मागे पडल्यावर आईने पर्समधून तो घामाने मऊ झालेला कागद काढला आणि पेन मागितलं. माघानंतर वेळासला कासवाची पिल्लं बघायला जायचं असं नवरा म्हणत होता. "जाऊ," आई म्हणाली, "पण निघायचं द्वितीयेला. तिथून पंचमीपर्यंत ओहोटी सकाळची असते. नवमी-दशमीला मला उन्हात बसवू नका."